घडीचा कागद आणि वाटेवरचे मूल : पुणे शहरातील जपानी हस्तखेळांची वाटचाल

प्रस्तावना

प्रवासास निघालेल्या कुटुंबाच्या सामानात मुलांच्या खेळण्यांना जागा सर्वांत शेवटी मिळते आणि गाठोडे जड झाले की सर्वांत आधी तीच बाहेर काढली जातात. त्यामुळे प्रवासातील मुलाचा खेळ हा बहुधा वाटेत सापडणाऱ्या वस्तूंवर अवलंबून राहिला आहे : चिंचोके, खडे, दोरा, रिकामी काडेपेटी आणि कागदाचा तुकडा. यांपैकी कागदाच्या खेळाला जपानमध्ये कलेची प्रतिष्ठा, शिक्षणातील स्थान आणि जगभर वाचता येणारी खुणांची लिपी प्राप्त झाली. ‘ओरिगामी’ या नावाने हा खेळ आज पुण्यातील शाळा, छंदवर्ग आणि उन्हाळी शिबिरे यांत सुपरिचित आहे.

हा खेळ पुण्यात कोठून आला, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘जपानमधून’ असे आहे. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. जपानी हस्तखेळ पुण्यापर्यंत सरळ रेषेत आले नाहीत. जर्मनी, अमेरिका आणि मद्रास अशी वळणे घेत, कधी शिक्षणविचाराच्या, कधी अनुवादाच्या, तर कधी निव्वळ छंदाच्या रूपाने ते येथे पोहोचले. या वाटचालीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला उद्देश होय. दुसरा उद्देश असा की, ज्या खेळाचे सर्वांत मोठे सामर्थ्य तो कोठेही नेता येतो यात आहे, तो खेळ पुण्यात येणाऱ्या व पुण्यातून जाणाऱ्या कोणत्या मुलांपर्यंत पोहोचला आणि कोणत्या मुलांपर्यंत पोहोचविण्याचा विचार झाला नाही, हे तपासणे.

कागद, घडी आणि जपान

कागदाचा शोध चीनमधील. जपानी परंपरेनुसार इ. स. ६१० च्या सुमारास कोरियातून आलेल्या एका बौद्ध भिक्षूबरोबर कागद तयार करण्याची विद्या जपानमध्ये पोहोचली. आरंभी कागद दुर्मीळ असल्याने घडीकामाचा संबंध विधींशी होता. विवाहप्रसंगी मद्यपात्रांना बांधली जाणारी कागदी फुलपाखरे किंवा भेटवस्तूंवर लावली जाणारी घडीची खूण ही त्याची उदाहरणे होत. ‘ओरिगामी’ हा शब्दही मुळात खेळाचा नव्हे. दुमडलेल्या दस्तऐवजाला, विशेषतः तलवारीसारख्या मौल्यवान वस्तूच्या प्रमाणपत्राला, तो लावला जाई. खेळ व कला या अर्थाने तो विसाव्या शतकात रूढ झाला.

एदो काळात (१६०३–१८६८) कागद मुबलक झाला आणि घडीकाम सर्वसामान्यांच्या घरात आले. १७९७ साली क्योतो येथे प्रसिद्ध झालेले ‘हिदेन सेनबाझुरु ओरिकाता’ हे केवळ मनोरंजनार्थ केलेल्या घडीकामाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक मानले जाते. एकाच कागदातून परस्परांना जोडलेले अनेक करकोचे कसे करावेत, हा त्याचा विषय आहे. याच काळातील आणखी एक कागदी खेळ येथे नोंदविण्याजोगा आहे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर ५३ मुक्काम होते. हे मुक्काम घरांच्या रूपाने एका मोठ्या कागदावर छापून फाशाच्या दानाप्रमाणे सोंगटी पुढे नेण्याचा ‘दोचू सुगोरोकु’ हा खेळ लोकप्रिय झाला. घरी बसलेल्या मुलाला प्रवास घडविणारा हा खेळ. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला आपला मोक्षपटही सोंगटीला प्रवासच घडवितो. मात्र त्याची वाट पाप-पुण्याच्या घरांतून वैकुंठाकडे जाते, तर जपानी खेळाची वाट नकाशावर दाखविता येते.

आधुनिक घडीकामाला वैश्विक स्वरूप देण्याचे श्रेय अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांच्याकडे जाते. तुटक रेषा, ठिपके आणि बाण यांच्या साहाय्याने घड्या दाखविण्याची जी पद्धत त्यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात मांडली, ती पुढे रॉबर्ट हार्बिन आणि सॅम्युएल रँडलेट या पाश्चात्त्य लेखकांनी स्वीकारून विस्तारली. संगीताच्या स्वरलिपीप्रमाणे ही खुणांची लिपी भाषेवाचून वाचता येते. पुण्यातील वाचकाला जपानी न येताही जपानी पुस्तकावरून करकोचा करता येतो, तो यामुळे.

फ्रोबेलची बालवाडी आणि पुणे

कागदाची घडी पुण्यात प्रथम शिक्षणाचे साधन म्हणून आली ती मात्र जपानी नावाने नव्हे, तर जर्मन नावाने. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी सुरू केलेल्या संस्थेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यावयाच्या वस्तू आणि त्यांनी करावयाचे हस्तोद्योग यांची त्यांनी क्रमवार रचना केली. कागद दुमडणे हा त्यांपैकी एक उद्योग होता. चौकोनी कागदाच्या घड्यांतून जीवनातील वस्तूंची रूपे, सौंदर्याची रूपे आणि गणितीय ज्ञानाची रूपे अशी तीन प्रकारची रूपे मुलाने निर्माण करावीत, अशी ही कल्पना होती.

१८७६ साली तोक्योच्या स्त्री-शिक्षिका विद्यालयाला जोडून जपानमधील पहिली सरकारी बालवाडी सुरू झाली. तिचा अभ्यासक्रम फ्रोबेलच्या पद्धतीवर बेतलेला होता व त्यात कागदाच्या घड्यांचा समावेश होता. घरोघरी करकोचे करणाऱ्या जपानने कागदाचे घडीकाम शाळेत आणले ते जर्मन बालशिक्षणाच्या आधाराने, ही बाब लक्षणीय आहे. आज ज्याला आपण शुद्ध जपानी ओरिगामी समजतो, त्यात युरोपीय बालवाडीच्या घड्या मिसळलेल्या आहेत. परस्परांपासून घेतलेली ही देवघेव ध्यानात घेतली म्हणजे पुण्याने केलेला स्वीकार हा अनुकरणाचा नव्हे, तर त्याच देवघेवीचा पुढचा टप्पा ठरतो.

पुण्याच्या संदर्भात या टप्प्याचे पहिले नाव पंडिता रमाबाईंचे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेलेल्या रमाबाईंनी तेथे बालवाडी-पद्धतीचे शिक्षण घेतले. विधवा मुलींच्या शिक्षणासाठी हीच पद्धत उपयोगी पडेल, अशी त्यांची धारणा होती. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून त्या पॅसिफिक महासागरमार्गे परतल्या. वाटेत त्या जपानमध्ये थांबल्या व तेथे त्यांनी व्याख्याने दिली. मार्च १८८९ मध्ये मुंबईस स्थापन झालेले त्यांचे शारदा सदन १८९० च्या अखेरीस पुण्यात आले. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई या पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुण्याच्या जपानविषयक आस्थेच्या पुढील प्रकरणात कर्व्यांचे नाव येते, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

याच वर्षी, म्हणजे १८९३ मध्ये, मद्रास येथे टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. या ग्रंथाची कल्पना आपल्याला बालवाडीच्या घडीकामावरून सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. मुलाच्या हातातील कागद हा गंभीर ज्ञानाचे साधन होऊ शकतो, हा विचार भारतीय लेखकाकडून जगात गेला, याची नोंद घडीकामाच्या इतिहासात आवर्जून घेतली जाते.

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील बालशिक्षणावर फ्रोबेलपेक्षा माँटेसोरीचा प्रभाव वाढला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या नूतन बालशिक्षण संघाने ती पद्धत भारतीय परिस्थितीशी जुळवून घेतली. ताराबाई आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी बोर्डी व कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले वापरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीमागील कल्पना. आणि गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जाणारी कुरणशाळा हे तिचे पुढचे पाऊल. चालत्या-फिरत्या मुलाचा शिक्षणविचार मराठी मातीत प्रथम स्पष्टपणे मांडला गेला तो येथे. प्रस्तुत लेखाच्या अखेरच्या भागात याचा पुन्हा विचार करावयाचा आहे.

पुण्याच्या नजरेतील तीन जपान

पुण्याच्या सार्वजनिक जीवनात जपानची प्रतिमा तीन वेळा बदललेली दिसते. पहिला जपान उद्योगाचा. १९०५ मध्ये रशियावर मिळविलेल्या विजयानंतर आशियाई राष्ट्राच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून जपानकडे पाहिले जाऊ लागले. स्वदेशीच्या चळवळीत पैसाफंडाच्या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना निघाला. त्याच्या उभारणीत सहभागी असलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान व अमेरिका येथे जाऊन शिकून आले होते. मुलांच्या जगात या औद्योगिक जपानचे रूप वेगळे होते. पहिल्या महायुद्धात जर्मन खेळण्यांची आवक थांबली आणि तिची जागा स्वस्त जपानी खेळण्यांनी घेतली. सेल्युलॉइडची बाहुली आणि चावीचे पत्र्याचे खेळणे यांच्या रूपाने ‘जपानी’ या विशेषणाला देखणे पण तकलादू असा अर्थ चिकटला.

दुसरा जपान स्त्रीशिक्षणाचा. तोक्यो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि तिच्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ साली पुण्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९२९–३० च्या परदेशप्रवासात त्यांनी जपानलाही भेट दिली. येथे जपान हा विकत घेण्याच्या वस्तूंचा देश न राहता शिकण्याजोग्या संस्थांचा देश झाला.

तिसरा जपान बालपणाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची ओळख हळूहळू होत गेली. हिरोशिमावरील अणुबाँबच्या किरणोत्सर्गामुळे रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडलेली सादाको सासाकी ही मुलगी रुग्णालयात कागदाचे करकोचे करीत राहिली व २५ ऑक्टोबर १९५५ रोजी वयाच्या बाराव्या वर्षी मरण पावली. तिच्या स्मरणार्थ १९५८ मध्ये हिरोशिमात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. करकोचा तेव्हापासून केवळ कौशल्याची वस्तू राहिला नाही. ६ ऑगस्टच्या निमित्ताने शाळांतून मुलांकडून करकोचे करून घेतले जातात, तेव्हा त्यामागे ही कथा असते.

१९६३ साली पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ प्रसिद्ध झाले. पूर्वेकडील देशांच्या या प्रवासवर्णनातील जपानने मराठी मध्यमवर्गीय वाचकाला त्या देशाच्या सौंदर्यदृष्टीची ओळख करून दिली. पुढे तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ मधील आत्मकथन चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून ‘तोत्तोचान’ या नावाने मराठीत आले. नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केलेले हे पुस्तक महाराष्ट्रातील शिक्षकांनी मोठ्या आवडीने वाचले. सोसाकू कोबायाशी यांच्या तोमोए शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. डबे जागचे हलत नसत. पण मुलांना मात्र आपण रोज प्रवासाला निघालो आहोत असे वाटे. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ही शाळा जळून गेली. शिकणे आणि प्रवास यांची इतकी साधी व परिणामकारक सांगड मराठी शिक्षकासमोर क्वचितच आली असेल.

रद्दीचा कागद : दोन पुणेकर

घडीच्या खेळाची पहिली अट म्हणजे वाया घालविता येईल असा कागद. पेशवाईत पुण्याला लागणारा कागद जुन्नरसारख्या ठिकाणी हाताने तयार होई. कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्या व्यवसायाची आठवण देते. असा कागद दप्तरासाठी होता, मुलांसाठी नव्हे. विसाव्या शतकात वर्तमानपत्रे व शालेय वह्या घरोघरी आल्या आणि रद्दी हा नवा कच्चा माल मुलांच्या हाती लागला. पहिल्या पावसातील होडी, भिंत रंगविताना डोक्यावर चढविलेली टोपी, वर्गात भिरकावलेले विमान आणि उकाड्यातील पंखा, या घड्या ‘ओरिगामी’ हा शब्द ऐकण्यापूर्वीपासून मराठी मुलाला येत होत्या. जपानी घडीकाम येथे रुजले ते या तयार जमिनीत.

ते रुजविणाऱ्यांत डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचे स्थान विशेष आहे. जुन्नर तालुक्यातील ओतूर हे त्यांचे जन्मगाव. वैद्यकीय पदवी घेऊनही त्यांनी लेखन आणि सामाजिक कार्य यांना वाहून घेतले. हमाल, विडी कामगार, भटक्या जमाती, दुष्काळामुळे गाव सोडलेली कुटुंबे यांचे जगणे त्यांनी ‘माणसं’ व अन्य पुस्तकांतून मराठी वाचकासमोर ठेवले. डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह त्यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा या केंद्राला आधार होता. या सर्व कामाबरोबर त्यांनी ओरिगामीचा छंद आयुष्यभर जोपासला व ‘छंदांविषयी’ या पुस्तकात त्याबद्दल लिहिले. जवळ कागद बाळगणे आणि भेटेल त्या मुलाला काहीतरी घडवून देणे, ही त्यांची सवय त्यांच्या वाचकांच्या परिचयाची होती. या छंदाला ना वर्गाची गरज होती, ना शुल्काची. अनोळखी मुलाशी ओळख करून घेण्याचे ते साधन होते.

दुसरे नाव अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय. आय. टी.मधून १९७५ मध्ये पदवी घेऊन ते पुण्यातील टेल्को कारखान्यात दाखल झाले. १९७८ मध्ये त्यांनी नोकरीतून रजा घेतली व मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात भाग घेतला. आठवडी बाजारात मिळणाऱ्या काडेपेट्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून विज्ञान शिकविण्याची त्यांची पद्धत तेथे आकारास आली. २००३ ते २०१४ या काळात त्यांनी पुणे विद्यापीठाच्या परिसरातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. वर्तमानपत्राच्या एकाच पानातून एकामागून एक निरनिराळ्या टोप्या करणे, किंवा फिरविताच नवे चित्र दाखविणारा घडीचा कागद वापरून निसर्गातील चक्रे समजावून देणे, हे त्यांचे परिचित प्रयोग. त्यांनी हे सर्व साहित्य आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले. जपानी घडीकाम, भारतीय लोकखेळणी आणि शालेय विज्ञान यांची येथे गाठ पडते.

अवकाशविज्ञानाच्या संस्थेत कागदाच्या घड्या शिकविल्या जाव्यात, यात विसंगती नाही. जपानी अभियंते कोर्यो मिउरा यांनी शोधलेली घडी याचे उत्तम उदाहरण होय. कागदाच्या विरुद्ध बाजूची दोन टोके ओढताच संपूर्ण पत्रक उलगडते आणि ढकलताच मिटते. ही घडी प्रवासी नकाशांसाठी वापरली गेली आणि १९९५ मध्ये अंतराळात सोडलेल्या जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानावरील सौर पटलासाठीही. प्रवाशाच्या खिशातील नकाशा आणि यानाचे पटल यांच्यापुढील प्रश्न एकच आहे : कमी जागेत न्यावयाचे आणि पोहोचल्यावर उलगडावयाचे. प्रवासातील मुलाच्या खेळण्यापुढीलही प्रश्न हाच असतो.

सिंहगड रस्त्यावरील बाग

२००६ साली सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान खुले झाले. सुमारे १० एकरांच्या या बागेची रचना ओकायामा येथील कोराकुएन या सुमारे ३०० वर्षांच्या उद्यानावरून स्फुरली आहे. कोराकुएनचे काम १६८७ मध्ये सुरू होऊन १७०० मध्ये पूर्ण झाले. ही एका जागी बसून पाहण्याची नव्हे, तर चालत पाहण्याची बाग आहे. प्रत्येक वळणावर देखावा बदलतो, आणि टेकडी, तळे, पूल यांतून एक लहानसा प्रवास घडतो. पुण्यातील बागेत जवळच्या कालव्याचे पाणी खेळविले आहे. पुढे या उद्यानास पु. ल. देशपांडे यांचे नाव देण्यात आले. आयुकातील विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तूही पु.लं.च्या स्मृतीशी निगडित आहे. ‘पूर्वरंग’च्या लेखकाचे नाव शहरातील जपानी बागेशी आणि कागदाच्या टोप्या शिकविणाऱ्या वास्तूशी अशा रीतीने जोडले गेले.

बाहेरगावाहून आलेले कुटुंब या बागेत तासभर रमते आणि मुलाला जपानची एक सुंदर प्रतिमा मिळते. मात्र बाग मुलाबरोबर पुढच्या गावी जात नाही. पाहण्याचा जपान आणि हाताने करण्याचा जपान यांतील हे अंतर लक्षात ठेवले पाहिजे.

दोन प्रकारचे प्रवासी

‘प्रवासी कुटुंब’ असे म्हणताच सुटीवर निघालेले कुटुंब डोळ्यांसमोर येते. पुण्याच्या बाबतीत आणखी एका प्रवाशाची भर पडली आहे. जपानी भाषेच्या अध्ययनाचे पुणे हे देशातील एक प्रमुख केंद्र आहे आणि माहिती तंत्रज्ञानाच्या विस्तारानंतर येथील अनेक कुटुंबे जपानमध्ये वास्तव्यास गेली. तोक्योच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई हा भाग भारतीय वस्तीसाठी ओळखला जातो. तेथील बालवाडीत जाणाऱ्या मराठी मुलाला भाषा येण्यापूर्वी कागदाची घडी येते. कारण शिक्षिकेचे बोलणे कळले नाही तरी तिचे हात दिसतात. या कुटुंबांना घडीकामाने परक्या समाजात शिरण्याची एक वाट दिली.

परंतु पुण्यात सर्वांत अधिक प्रवास करणारी मुले ही नव्हेत. शहराभोवती उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोल्यांत, बांधकाम मजुरांची मुले राहतात. एक काम संपले की त्यांचे बिऱ्हाड दुसऱ्या जागी हलते. साखर कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या आगेमागे बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. त्यांच्याबरोबर आलेले मूल कोणत्याच मोजणीत येत नाही. वसंत संपेपर्यंत त्याची गावाकडील शाळा मागे पडलेली असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे यांचे प्रयोग झाले. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे पुण्यात काम करू लागलेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने बांधकामाच्या जागांवर वर्ग चालविले आणि बसमध्ये भरणारी चाकावरची शाळाही सुरू केली. तोमोएचे डबे उभे होते. ही बस मुलांपर्यंत चालत जाते. ताराबाईंच्या कुरणशाळेचे हे शहरी रूप म्हणता येईल.

या मुलांच्या संदर्भात घडीच्या कागदाचा विचार केला तर त्याचे गुण वेगळ्या प्रकाशात दिसतात. तो विकत घ्यावा लागत नाही. तो हरवला तर नुकसान होत नाही, कारण मुलाने मिळविलेली वस्तू कागद नसून घडी असते. मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले एकाच वर्गात असली तरी ती एकमेकांचे हात पाहून शिकू शकतात. चौकोन, त्रिकोण, अर्धा, पाव या संकल्पना वहीशिवाय हाती येतात. म्हणजे सुंदर रावांची भूमिती आणि फ्रोबेलची तीन रूपे दोन्ही साधतात. शाळा बदलली, गाव बदलले, तरी शिकलेली घडी मुलाबरोबर जाते आणि नव्या जागी मित्र मिळविण्याच्या कामी येते.

प्रत्यक्षात मात्र उलट दिशेने वाटचाल होताना दिसते. रंगीत, नेमका कापलेला, एका बाजूस पांढरा असलेला खास कागद, शुल्क भरून करावयाचा छंदवर्ग आणि ‘जपानी उपक्रम’ असे नाव, यांमुळे हा खेळ ऐपतदार घरांच्या सुटीतील कार्यक्रम होऊ लागला आहे. अवचट व गुप्ता यांनी रद्दीला जो मान मिळवून दिला, तो अशा वर्गांतून निसटतो.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. कागदाचा करकोचा शाळेची जागा घेऊ शकत नाही. स्थलांतरित मुलाला पटावरील नाव, शिक्षक, पोषण आणि सलग शिक्षण हवे आहे. एखाद्या दिवशी जाऊन चार घड्या शिकविणे व छायाचित्रे घेणे ही त्या हक्काची भरपाई नव्हे. घडीकामाचा आग्रह धरावयाचा तो मुलांसोबत रोज काम करणाऱ्या शिक्षकाच्या हातातील एक साधन म्हणून, एवढ्याच मर्यादेत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पुण्यातील जपानी हस्तखेळांचा उगम एकेरी नाही. फ्रोबेलची बालवाडी, पंडिता रमाबाईंचा अमेरिका-जपान प्रवास, मद्रासची भूमिती, मराठीतील अनुवाद व प्रवासवर्णने आणि येथील रद्दीतील घड्या यांच्या संगमातून तो झाला आहे.

२. पुण्याने जपानकडे क्रमाने उद्योगाचा, स्त्रीशिक्षणाचा आणि बालपणाचा आदर्श म्हणून पाहिले. तिसऱ्या आदर्शासाठी सर्वांत कमी भांडवल लागले आणि तो सर्वांत सहज हातोहात गेला.

३. जेथे घडीचा कागद साध्या रद्दीशी व प्रत्यक्ष माणसाशी जोडलेला राहिला, तेथे तो पसरला. जेथे तो खास साहित्याचा उपक्रम झाला, तेथे त्याचे वर्तुळ आकुंचित झाले.

४. प्रवासी बालकांचा विचार करताना पर्यटनासाठी निघालेले मूल आणि पोटासाठी हललेल्या कुटुंबातील मूल या दोघांचाही समावेश व्हावयास हवा. अध्यापक विद्यालयांच्या कार्यानुभवात आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत घडीकामाला नियमित स्थान देणे हा त्या दिशेने सहज शक्य असलेला मार्ग आहे.

एदो काळातील मुलाने फाशाचे दान टाकून ५३ मुक्कामांचा प्रवास घरबसल्या केला. ऊसाच्या फडाच्या कडेला बसलेल्या मुलाला मुक्कामांची उणीव नाही. उणीव आहे ती प्रत्येक मुक्कामी आपल्यासोबत राहील अशा एखाद्या गोष्टीची. चहाच्या टपरीवर पडलेल्या वर्तमानपत्राचे पान आणि ते दुमडून दाखविणारा एक शिक्षक एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो.